थंड पडलेला बॉयलर : सीमाभागातील एका गिरणीच्या बॉयलर हाऊसचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागातील, चिकोडी-हुक्केरी पट्ट्यातल्या एका मोठ्या गावी एक जुनी जिनिंग व तेल गिरणी होती. गिरणी बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती. यंत्रे विकली गेली, पत्र्याची छपरे उतरवली गेली. मागच्या अंगाला बॉयलर हाऊस, त्यातला एकुलता एक लँकेशायर बॉयलर आणि विटांची उंच चिमणी एवढेच उभे राहिले होते. मालकीचे तीन वाटेकरी होते. थोरले बंधू गावातच राहत होते आणि बाकीचे दोघे बेळगाव व कोल्हापूर येथे. व्यक्तींची व गावाची ओळख पटू नये म्हणून येथे नावे दिलेली नाहीत. मी नोकरीची बहुतेक वर्षे चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींत यांत्रिकी विभागात काढली आहेत आणि निवृत्तीनंतर बेळगावला स्थायिक झालो आहे. त्या ओळखीतून थोरल्या बंधूंनी मला सल्ल्यासाठी बोलावले.

या प्रकरणातील पहिली उल्लेखनीय गोष्ट पहिल्याच भेटीत हाती लागली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे बॉयलरवर मुंबईच्या नोंदणीचा क्रमांक असेल असे मी गृहीत धरले होते. पुढच्या पत्र्यावरील काजळी तारेच्या ब्रशने घासल्यावर जो क्रमांक दिसला, त्याची अक्षरे जुन्या मध्य प्रांताची होती. थोरल्या बंधूंच्या कपाटात वडिलांच्या काळातले एक पत्र निघाले आणि उलगडा झाला. हा बॉयलर मूळचा चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील एका कोळसा खाणीतला होता. खाणीने वाइंडिंग, म्हणजे पिंजरा वर-खाली ओढण्याचे काम, विजेवर नेल्यावर तो जुना माल म्हणून विकला गेला आणि गिरणीने तो विकत घेतला. इंग्लंडमधील निर्मात्याच्या पाटीवर १९१२ हे साल होते. वरोऱ्याची प्रसिद्ध खाण १९०६ मध्येच बंद झाली असल्याने तो तिथला असण्याची शक्यता उरली नाही. नेमकी खाण कोणती, हे पत्रात लिहिलेले नव्हते.

हा इतिहास पुढच्या प्रत्येक निर्णयात उपयोगी पडला, म्हणून खाणीतले बॉयलर हाऊस कसे असे ते थोडक्यात सांगतो. विल्यम फेअरबर्न यांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलेला लँकेशायर बॉयलर म्हणजे एक लांब आडवे पिंप आणि त्याच्या पोटातून आरपार गेलेल्या, ज्यांत आग पेटते अशा दोन फर्नेस ट्यूब. खाणीत असे बॉयलर ओळीने बसवलेले असत, त्यांची वाफ एका सामाईक नळात जाई आणि एखादा बॉयलर धुण्यासाठी नेहमी बंद ठेवलेला असे. खाणीला हा प्रकार मानवला, त्याला कारण होते. पिंजरा वर ओढणारे वाइंडिंग इंजिन मिनिटभर भसाभस वाफ ओढते आणि मग थांबते. लँकेशायरच्या पोटात पाण्याचा साठा एवढा मोठा असतो की अशी ओढाताण तो सहज सोसतो. शिवाय जो बारीक, राखट कोळसा बाजारात खपत नसे तोही त्याच्या रुंद जाळीवर जळे. गिरणीत आल्यावर मात्र तो एकटा पडला. शेजारी दुसरा बॉयलर नसल्याने धुण्याची सुटी त्याला क्वचितच मिळाली.

प्रश्न

प्रश्न तीन दिशांनी एकदम आला. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्यांना माल पुरवणाऱ्या एका भंगार व्यापाऱ्याने गॅसने कापून नेण्याच्या अटीवर चांगली किंमत सांगितली होती आणि बाहेरगावच्या दोन्ही वाटेकऱ्यांना ती मान्य होती. गावातील शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची इच्छा होती की बॉयलर उचलून शाळेच्या आवारात चौथऱ्यावर ठेवावा. थोरल्या बंधूंच्या मनात तिसरेच होते. ग्रामदेवी लक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांच्या अंतराने पुढच्याच वर्षी भरणार होती आणि त्या दिवशी गिरणीचा भोंगा पुन्हा वाजावा अशी त्यांची आस होती. एके काळी त्या भोंग्यावर गावाचे घड्याळ चाले, शेतात गेलेली माणसे त्याच्या आवाजावर भाकरी सोडत. ही इच्छा मी हळवेपणा म्हणून बाजूला सारली नाही, कारण बॉयलर वाचवण्यामागे खरे बळ तिचेच होते.

पाहणीत काय आढळले

पाहणीला माझ्याबरोबर उद्यमबागेतील एक तरुण फिटर आणि गिरणीचे शेवटचे फायरमन होते. फायरमन ऐंशी ओलांडलेले, सारे गाव त्यांना तात्या म्हणते. वरचे मॅनहोल उघडून आम्ही आत उतरलो. शेल, म्हणजे बाहेरचे पिंप, सुमारे ३० फूट लांब व ८ फूट व्यासाचा, आतल्या दोन्ही नळ्या ३ फुटांच्या. पाण्याच्या रेषेखाली चुनखडीसारखा पांढरट थर जमला होता, काही ठिकाणी बोटाच्या पेरापेक्षा जाड. काळ्या जमिनीतील विहिरीच्या जड पाण्याने हे व्हायचेच.

फिटरने एका जागी तो थर हातोडीने ठोकून काढला. खाली पत्र्यावर मसुराच्या दाण्याएवढे खड्डे होते आणि खड्ड्यांच्या तळापर्यंत तोच पांढरा क्षार घट्ट भरलेला होता. म्हणजे खड्डे आधी पडले आणि थर नंतर बसला. खाणीतून उपसलेल्या पाण्यात कोळशातील पायराइट या गंधकयुक्त खनिजामुळे गंधकाम्ल उतरते, म्हणून सावध खाणी बॉयलरसाठी तळ्याचे किंवा नदीचे वेगळे पाणी वापरत. हा बॉयलर ज्या खाणीत होता तिथे कधीतरी, बहुधा उन्हाळ्याच्या टंचाईत, खाणीचे पाणी वापरले गेले असावे असा माझा निष्कर्ष आहे. गिरणीने घेतेवेळीच त्याला हे दुखणे जडलेले होते आणि गिरणीच्या पाण्याने ते झाकून टाकले.

खरी चिंता बाहेरून होती. लँकेशायर बॉयलर पाहताना माणूस पिंपाकडे पाहतो, पण अर्धे यंत्र विटांचे असते. ज्वाळा व धूर दोन्ही नळ्यांतून मागे जातात, तिथे खाली उतरून शेलच्या पोटाखालून पुढे येतात, पुढे दुभागून दोन्ही कुशींनी पुन्हा मागे जातात आणि तेव्हा कुठे चिमणीकडे वळतात. हा सारा मार्ग विटांच्या बांधकामात घडवलेला असतो आणि शेलचे वजनही विटांच्याच कट्ट्यांवर टेकलेले असते. भट्टी विझली, छप्पर गळू लागले, की विटांतली काजळी ओल धरते आणि कोळशातल्या गंधकामुळे ती ओल आंबट होते. कट्ट्यावर टेकलेला पत्रा त्या आंबट ओलीत वर्षानुवर्षे बसून राहतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

सगळे कट्टे उघडायचे की नमुन्यादाखल एक, असा प्रश्न होता. सगळे उघडल्यास शेल खाली बसण्याची भीती होती. आम्ही उजव्या अंगाचा, छपराच्या गळतीखालचा एक कट्टा निवडला, कारण सर्वांत वाईट जागा पाहिली तर बाकीचा अंदाज बांधता येतो. दोन बाजूंनी जॅकचा आधार देऊन विटा काढल्या. अल्ट्रासॉनिक मापकाने इतरत्र सुमारे १४ मिलिमीटर भरणारा पत्रा तिथे ६ मिलिमीटर भरला.

एक चूक मात्र मी पोहोचण्याआधीच होऊन गेली होती आणि ती नोंदवलीच पाहिजे. ‘साहेब येणार, जरा स्वच्छ दिसू दे’ म्हणून दोन मजुरांनी वाफेच्या नळांवरचे पांढरे लिंपण खरवडून, झाडून, पाट्यांनी बाहेर टाकले होते. त्या काळच्या अशा लिंपणात ॲस्बेस्टॉस असणे ही नेहमीची बाब होती. ते तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि त्यांचा आजार काही दशकांनीही उद्भवू शकतो. उरलेले लिंपण पाणी मारून ओले केले, जाड प्लॅस्टिकमध्ये बांधले आणि काम जाणकारांकडे सोपवले. त्या दोघांना काय झाले असू शकते हे समजावून सांगितले आणि पुढे कधीही डॉक्टरांकडे गेल्यास हे आवर्जून सांगावे, असे लेखी दिले. याहून अधिक काही करता आले नाही.

पर्यायांचा विचार

भंगाराचा पर्याय आर्थिकदृष्ट्या सर्वांत सरळ होता. त्याविरुद्ध माझा एकच मुद्दा होता : बेळगाव परिसरात वाफेवर चाललेल्या छोट्या गिरण्यांची बॉयलर हाऊस आता शोधूनही सापडत नाहीत. गोकाकच्या धबधब्यावरील सूतगिरणीचा इतिहास लोकांना ठाऊक आहे, पण ती पाण्याच्या जोरावर उभी राहिली होती. धबधबा नसलेल्या गावांनी कोळसा आणून, विहिरीचे पाणी तापवून जे केले त्याची खूण म्हणून हे एवढेच उरले होते.

चौथऱ्याचा पर्याय ऐकायला गोड होता आणि मलाही सुरुवातीला आवडला होता. शेल २५ टनांच्या आसपास भरेल असा अंदाज होता. तो बाहेर काढण्यासाठी पुढची भिंत, दोन्ही कुशींचे धूरमार्ग आणि राखेचा खड्डा तोडावा लागणार होता. एवढे करून शाळेच्या आवारात जे येईल ते मुलांना पाण्याचा टँकर वाटले असते. आग कुठे लागे, धूर कुठून वळे, माणूस कुठे उभा राहून कोळसा टाके, यातले काहीच तिथे नसते. या मुद्द्यावर माजी विद्यार्थ्यांशी दोन बैठका झाल्या. त्यांच्यातील एका निवृत्त मुख्याध्यापिका बाई स्वतः बॉयलर हाऊसमध्ये आल्या, जाळीसमोर उभ्या राहिल्या, आणि त्यानंतर त्यांनीच बाकीच्यांची समजूत घातली.

पुन्हा वाफ धरण्याचा पर्याय थोरल्या बंधूंसमोर नाकारणे सर्वांत जड गेले. १८६३ मध्ये कलकत्त्यात झालेल्या एका भीषण स्फोटानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. प्रांतोप्रांतीचे वेगवेगळे नियम एकत्र करून १९२३ चा देशव्यापी कायदा आला आणि आमच्या प्रकरणाच्या वेळी तोच लागू होता. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. यात्रेपुरती, तासाभरासाठी जरी वाफ करायची म्हटली, तरी तपासणी, प्रमाणपत्र, पाण्याच्या दाबाची चाचणी आणि प्रमाणपत्रधारक अटेंडंट यांतून सुटका नाही, आणि नसावी. मी कागदी अडचणींवर बोट ठेवले नाही. थोरल्या बंधूंना कट्ट्याजवळ नेले, खिशातली पेन्सिल त्या पत्र्याच्या कडेशी धरली आणि सांगितले की आता पत्रा एवढाही जाड नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “राहू दे. पण भोंगा तेवढा वाजवता येईल का बघा.”

घेतलेले निर्णय आणि कृती

बॉयलर जागेवरच, थंड अवस्थेत, विटांसकट जपायचा असे तिन्ही वाटेकऱ्यांनी ठरवले. बाहेरगावच्या दोघांचे नुकसान भरून काढण्यासाठी समोरच्या मोकळ्या जागेतील त्यांचा हिस्सा वाढवून दिला गेला. त्या हिशेबाचा तपशील येथे अप्रस्तुत आहे. छप्पर आधी दुरुस्त केले, कारण पाणी थांबल्याशिवाय बाकी सारे व्यर्थ होते. कट्टा खानापूरहून आणलेल्या विटांनी चुन्यात पुन्हा बांधला. जुन्या मऊ बांधकामात सिमेंट घातले असते तर ओल आतच कोंडली असती. चिमणीच्या माथ्यावरील सैल थर उतरवले आणि पायथ्याशी कुंपण घातले.

भोंग्यासाठी मी हवेचा दाब सुचवला. शिट्टीच्या जातीचा तो भोंगा होता, वाफेऐवजी हवेवरही वाजतो. येथेच या प्रकरणातील सर्वांत गंभीर प्रसंग घडला.

भोंग्याची चाचणी

यात्रेच्या आठ दिवस आधी चाचणी ठरली. फिटरने विहिरी खोदायला वापरतात तो ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर भाड्याने आणला आणि त्याची नळी भोंग्याकडे जाणाऱ्या जुन्या वाफेच्या नळाला जोडली. हा नळ दुसऱ्या टोकाला बॉयलरच्या मुख्य स्टॉप व्हॉल्व्हला, म्हणजे वाफ बाहेर सोडण्या-रोखण्याच्या झडपेला, मिळत होता. व्हॉल्व्ह घट्ट बंद आहे हे फिटरने चाक फिरवून पाहिले होते आणि मीही त्यावर विसंबलो. त्याच्या आदल्या दिवशी, मुले आत डोकावतात म्हणून, त्यानेच मॅनहोलचे झाकण बसवून बोल्ट आवळले होते. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी चांगल्या हेतूने केलेल्या होत्या.

भोंगा वाजेना. कधी फुसका, कधी नुसताच वारा. शिट्टीची फट कमी-जास्त करीत दहा-पंधरा मिनिटे गेली, कॉम्प्रेसर चालूच होता. मी सहज बॉयलरच्या तोंडाशी गेलो आणि जुनी सवय म्हणून प्रेशर गेजच्या काचेवर टिचकी मारली. इतका वेळ शून्यावर चिकटलेला काटा एकदम सुटला आणि दर चौरस इंचाला ८ पौंडांच्या खुणेपाशी थरथरत उभा राहिला.

व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे त्याची चकती जिथे टेकून बंद होते ती कड, खराब झालेली होती आणि हवा त्यातून झिरपत शेलमध्ये भरत होती. ८ पौंड हा आकडा लहान वाटतो, पण त्या दाबाला बॉयलरच्या प्रत्येक टोकाच्या पत्र्यावर सुमारे १९ टनांचा जोर येतो. बॉयलरची दाब-चाचणी पाण्याने करतात ती यासाठीच : पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी दाब क्षणात उतरतो. हवा स्प्रिंगसारखी दबून बसते आणि फाटलेल्या जागेतून सगळी ताकद एकदम बाहेर टाकते. येथे सुमारे ३० घनमीटरची पोकळी हवेने भरत होती, ६ मिलिमीटरच्या पत्र्यावर, आणि दारात वीस-पंचवीस माणसे पोरांसकट उभी होती. सेफ्टी व्हॉल्व्ह गंजून चिकटलेला होता. तो मोकळा असता तरी १०० पौंडांच्या आधी उघडला नसता.

मी कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला आणि आवाज न चढवता सगळ्यांना आवाराबाहेर नेण्यास सांगितले. मॅनहोलच्या बोल्टला हात लावू नये हे तात्यांनी माझ्याआधी ओळखले आणि फिटरचा हात धरला. दाबाखालचे झाकण सैल करणे हा अपघाताचा राजमार्ग आहे. ब्लो-डाऊनचा, म्हणजे तळातला गाळ-पाणी सोडण्याचा, कॉक थोडा थोडा उघडून हवा सोडली. शेलच्या तळातून गंजाची लाल धूळ बाहेर आली. काटा शून्यावर आल्यावरही आम्ही तासभर थांबलो.

चाचणी चार दिवस पुढे ढकलली. या वेळी भोंगा जुन्या नळापासून पूर्ण वेगळा काढला, स्वतंत्र लोखंडी खांबावर बसवला आणि त्याला त्याची स्वतःची नवी नळी दिली. बॉयलरच्या स्टॉप व्हॉल्व्हपुढे आंधळी प्लेट, म्हणजे भोक नसलेली बंद चकती, ठोकून नळ कायमचा तोडला. मॅनहोल उघडे ठेवून त्यावर जाळी लावली, म्हणजे शेलमध्ये कोणत्याही मार्गाने दाब साठणार नाही.

निष्पत्ती

यात्रेच्या दिवशी भोंगा वाजला. म्हातारी माणसे कान देऊन ऐकत होती. तात्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “साहेब, ह्यो आवाज आमच्या भोंग्याचा न्हवं. आमचा वरच्या पट्टीतला होता.” ते अचूक बोलत होते. वाफेत ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे तीच शिट्टी हवेवर खालच्या सुरात वाजते. चाळीसेक वर्षांनंतर त्यांच्या कानांनी तो फरक बरोबर टिपला. थोरल्या बंधूंना मात्र तेवढाही पुरला, ते रडत होते.

बॉयलर हाऊस आता आठवड्यातून एक दिवस उघडे असते. पुढच्या विटांचा एक छोटा भाग उघडा ठेवून त्यावर जाड काच बसवली आहे, त्यातून कुशीचा धूरमार्ग दिसतो. तात्या जमेल तेव्हा येतात आणि रिकाम्या फावड्याने दाखवतात की कोळसा एका वेळी जाळीच्या एकाच बाजूला कसा टाकायचा, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या निखाऱ्याची धग त्याचा धूर जाळून टाकते.

पुन्हा करायचे झाल्यास

माझा दोष मोठा आहे आणि तो नेमका सांगतो. ‘बंद आहे’ असे चाक सांगते, बैठक सांगत नाही. वापरात असलेल्या बॉयलरवर काम करताना मी असल्या व्हॉल्व्हवर कधीच विसंबलो नसतो. खाणीत सामाईक वाफनळावर जोडलेल्या शेजारच्या बॉयलरमध्ये माणूस उतरवण्याआधी नळ खरोखर तोडलेला आहे की नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहून घेत असू. येथे आग नव्हती, पाणी नव्हते, कोळसा नव्हता, म्हणून मी त्याला बॉयलर समजणेच सोडून दिले होते. आंधळी प्लेट पहिल्याच दिवशी, छपराच्याही आधी, ठोकायला हवी होती. कोणाचे पाऊल आत पडण्यापूर्वी लिंपणाबाबत निरोप धाडायला हवा होता. तेवढ्यासाठी एक फोन पुरला असता.

आंतला क्षार ठोकून पाहण्याआधी छायाचित्रे घेतली नाहीत, ही दुसरी हळहळ. खड्डे आणि थर यांचा क्रम ज्या जागी सर्वांत स्पष्ट होता ती जागा आमच्याच हातोडीने गेली. मुख्याध्यापिका बाईंनी नंतर नोंदणी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घेतला आणि त्याच्या प्रती काढल्या. त्यातली एक घेऊन मी चंद्रपूरच्या जुन्या सहकाऱ्यांकडे जाऊन आलो. एका निवृत्त ओव्हरमनने (खाणीतील देखरेख करणाऱ्याने) बॉयलर हाऊसचा एक जुना गटफोटो बाहेर काढला. त्यात ओळीने सहा बॉयलर आहेत आणि डावीकडून चौथ्याच्या तोंडाशी खडूने काहीतरी लिहिलेले दिसते. ते अजून वाचता आलेले नाही. फोटो मोठा करून घ्यायला दिला आहे.